मायकेल फॅरडे : एका उमेदवाराचे चरित्र

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या आवारात एकच प्रश्न दरवर्षी ऐकू येतो, तो म्हणजे आता पुढे काय? कोणी महाविद्यालयात जातो, कोणी नोकरी पाहतो, आणि कोणी तंत्रशाळेत नाव घालून वायरमन होण्याची, यंत्रे दुरुस्त करण्याची किंवा गॅसचे नळ जोडण्याची विद्या शिकू लागतो. ह्या शेवटच्या वर्गातील मुलांविषयी दोन मते आमच्या कानी पडतात. काहींना वाटते की, हुशार मुलाने हाताच्या धंद्यास जाऊ नये. दुसरे काही ह्याच्या अगदी उलट टोकास जातात. थोर शोधकांजवळ कोठे प्रमाणपत्रे होती, असे विचारून ते परीक्षांची व शिक्षणक्रमांची थट्टा करतात, आणि आपल्या मताच्या पुष्टीस बहुधा मायकेल फॅरडे ह्याचे नाव घेतात. आम्हास ही दोन्ही मते चुकीची वाटतात. फॅरडेचे चरित्र नीट वाचले तर ती का चुकीची आहेत हे आपोआप ध्यानात येते. म्हणून ह्या अंकात ते चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिण भागात न्यूइंग्टन बट्स येथे झाला. त्याचा बाप जेम्स हा लोहार होता. उत्तर इंग्लंडातून पोट भरण्यासाठी तो राजधानीत आला होता, परंतु प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्याच्या हातून नेटाने काम होत नसे. घरात चार मुले आणि उत्पन्न बेताचे. १८०१ साली धान्य अतिशय महाग झाले, तेव्हा मायकेलच्या वाट्यास आठवड्यास एक पाव येई, आणि तो त्याने पुरवून पुरवून सात दिवस खावयाचा असे. शाळा म्हणजे लिहिणे, वाचणे व थोडेसे अंकगणित. ह्यापलीकडे त्यास औपचारिक शिक्षण कधीच मिळाले नाही.

तेरा वर्षांचा असता तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून राहिला. वर्तमानपत्रे त्या काळी महाग असत, म्हणून दुकानदार ती भाड्याने वाचावयास देई. ती घरोघर पोचवावयाची व वाचून झाल्यावर परत आणावयाची, हे मायकेलचे काम. वर्षभर मुलाची वर्तणूक पाहून रीबोने ७ ऑक्टोबर १८०५ रोजी त्यास पुस्तकबांधणीच्या धंद्यात सात वर्षांच्या करारावर उमेदवार करून घेतले. उमेदवाराच्या बापाने मालकास शिकवणुकीबद्दल रक्कम द्यावी अशी रीत होती, पण रीबोने ती माफ केली. येथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. १५६३ सालच्या एका कायद्यान्वये इंग्लंडात सात वर्षे उमेदवारी केल्यावाचून कोणास त्या कायद्यातील धंदे करण्याची मुभा नसे. हे बंधन १८१४ साली उठले. त्या काळी कारागिराचे प्रमाणपत्र म्हणजे ही सात वर्षेच होत. मायकेलने ती पुरी केली. तेव्हा तो काही न शिकता मोठा झाला असे म्हणणे वस्तुस्थितीस सोडून आहे.

ह्या सात वर्षांत त्याचे हात कागद कापणे, शिवणे, चामडे चढविणे ह्या कामांत तयार झाले, आणि बांधणीस आलेली पुस्तके वाचून त्याचे मनही तयार झाले. ब्रिटानिका ज्ञानकोशातील विद्युत् ह्या विषयावरील लेख व मार्सेट बाईंचे रसायनशास्त्रावरील संवादात्मक पुस्तक ह्या दोहोंनी त्यास वेड लावले. परंतु वाचलेले खरे मानून तो स्वस्थ बसला नाही. आठवड्यास जे चार पैसे हाती येत त्यांतून बाटल्या व तारा विकत घेऊन त्याने घर्षणाने वीज उत्पन्न करणारे एक लहानसे यंत्र बनविले आणि पुस्तकातील विधाने एकेक करून पडताळून पाहिली. रीबो हा भला मालक होता. उमेदवार दुकानात प्रयोग करतो म्हणून त्याने कधी हटकले नाही.

पुढे डॉर्सेट स्ट्रीटवर टेटम नावाच्या गृहस्थांची पदार्थविज्ञानावर सायंकाळची व्याख्याने होत असल्याची जाहिरात मायकेलच्या पाहण्यात आली. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग पडे. तो उमेदवारापाशी कोठून असणार? त्याचा वडील भाऊ रॉबर्ट बापाच्याच लोहारधंद्यात होता, त्याने स्वतःच्या कमाईतून हे पैसे दिले. त्या व्याख्यानांस येणाऱ्या तरुणांचे एक मंडळ होते, ते आठवड्यातून एकदा जमे. त्यात प्रत्येकाने पाळीपाळीने विषय मांडावा व इतरांनी त्यावर शंका काढाव्यात असा क्रम असे. एका स्नेह्याकडून त्याने व्याकरण सुधारून घेतले, आणि रीबोकडे बिऱ्हाडास असलेल्या मॅस्करिए नावाच्या फ्रेंच चित्रकाराकडून यथादर्शन चित्रे काढण्याची कला शिकून घेतली. उपकरणाचे चित्र अचूक काढता आले नाही तर ते दुसऱ्यास समजावता येत नाही, हे त्यास तेव्हाच उमगले होते.

१८१२ च्या वसंतऋतूत रीबोच्या एका गिऱ्हाइकाने त्यास रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेत सर हम्फ्री डेव्ही ह्यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या वेळी युरोपातील अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने प्रत्येक शब्द टिपून घेतला, घरी येऊन ती टिपणे सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि त्यांचे स्वतःच्या हाताने सुंदर बांधलेले पुस्तक तयार केले. ऑक्टोबरात उमेदवारी संपली. दुसऱ्या एका मालकाकडे तो रोजंदार कारागीर म्हणून लागला, परंतु तो मालक तापट होता व प्रयोगांस वेळ मिळेना. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस त्याने विज्ञानाच्या कामी कोठेही जागा द्यावी असा अर्ज केला, पण त्याचे उत्तरही आले नाही. शेवटी डिसेंबरात त्याने डेव्हींस पत्र लिहिले व सोबत ते पुस्तक पाठविले. पदवी नाही, वशिला नाही, घराणे नाही. परंतु आपण काय करू शकतो ह्याचा पुरावा त्याने पुढे ठेवला. आमच्या मते तेच त्याचे पहिले प्रमाणपत्र होय.

डेव्हींनी त्यास भेटीस बोलाविले, पण पुस्तकबांधणीचा धंदा सोडू नये असाच सल्ला दिला. थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतील मदतनीसास भांडणावरून काढून टाकावे लागले, आणि १ मार्च १८१३ रोजी त्याच्या जागी मायकेलची नेमणूक झाली. आठवड्यास पंचवीस शिलिंग पगार, माळ्यावरच्या दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या असा त्याचा मुशाहिरा ठरला. येथून फॅरडेंची दुसरी उमेदवारी सुरू झाली. आम्हीही त्यांचा उल्लेख आता बहुवचनाने करतो.

ही उमेदवारी पहिलीपेक्षा कठीण होती. बाटल्या धुणे, भट्टी पेटविणे, व्याख्यानाच्या वेळी उपकरणे मांडणे ही कामे तर होतीच, पण डेव्ही त्या वेळी नायट्रोजन व क्लोरीन ह्यांच्या एका भयंकर स्फोटक संयुगाचा अभ्यास करीत होते. महिना-दीड महिन्याच्या आत फॅरडेंच्या हातातच त्याचा स्फोट होऊन बोटास इजा झाली. ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्हींबरोबर ते युरोपच्या प्रवासास निघाले. ते गेले मदतनीस म्हणून, पण डेव्हींचा खासगी नोकर ऐन वेळी न आल्यामुळे ते कामही त्यांच्याच गळ्यात पडले, आणि डेव्हींच्या पत्नीने त्यांस चाकरासारखे वागविले. अपमान गिळून त्यांनी दीड वर्षात अँपिअर, व्होल्टा अशा मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे काम पाहिले. परत आल्यावर १८१५ साली डेव्हींनी खाणकामगारांसाठी सुरक्षादीप तयार केला. दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक जाळी बसविली म्हणजे ज्योतीची उष्णता जाळीत पसरून जाते व बाहेरील ज्वालाग्राही वायू पेट घेत नाही, हे त्यातील तत्त्व. ह्या कामी फॅरडेंची मदत झाल्याचे डेव्हींनी स्वतः मान्य केले आहे.

ह्याच काळी लंडनमध्ये गॅसचे युग सुरू होत होते. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून निघणारा वायू नळांवाटे शहरभर नेण्यासाठी १८१२ साली एका कंपनीस सनद मिळाली, आणि दिवे लावणाऱ्या, नळ जोडणाऱ्या कारागिरांचा एक नवा वर्ग उदयास आला. फॅरडेंचा भाऊ रॉबर्ट हाही लोहारकाम सोडून ह्याच धंद्यात शिरला. म्हणजे एका लोहाराच्या घरातून एक गॅसचा कारागीर झाला व दुसरा विजेचा आचार्य झाला. धाकट्या भावानेही गॅसचे शास्त्र सोडले नव्हते. त्या वेळी एक कंपनी तेलापासून केलेला वायू दाबून भांड्यांत भरून घरोघर पुरवीत असे. त्या भांड्यांच्या तळाशी एक पातळ द्रव साचे. फॅरडेंनी १८२५ साली त्यातून एक नवा पदार्थ वेगळा काढला, तो आज बेंझीन ह्या नावाने ओळखला जातो. पुढे रंग, औषधे इत्यादींच्या कितीतरी कारखान्यांचा पाया ह्याच पदार्थावर उभारला गेला. त्यापूर्वी १८२३ साली त्यांनी क्लोरीन वायूचे दाबाखाली द्रवात रूपांतर केले होते. त्या प्रयोगांत एकदा काचेची नळी फुटून तिचे तेरा तुकडे त्यांच्या डोळ्यांत गेले. हे सर्व अनुभव त्यांनी वाया जाऊ दिले नाहीत. १८२७ साली त्यांनी रसायनशास्त्रातील हस्तकौशल्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तराजू कसा वापरावा, नळी कशी वाकवावी, गाळण कसे करावे, भांडी स्वच्छ कशी ठेवावी अशा बारीकसारीक गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. ज्याने स्वतः झाडलोट केली आहे त्यालाच असा ग्रंथ लिहिता येतो.

आता त्यांच्या सर्वात मोठ्या कार्याकडे वळू. १८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड ह्यांनी विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची हलते असे दाखविले होते. दुसऱ्याच वर्षी फॅरडेंनी प्रवाह वाहणारी तार लोहचुंबकाभोवती सतत फिरत राहील अशी योजना केली. विजेच्या सर्व मोटारींची ती आदिजननी होय. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न मग त्यांच्या मनात दहा वर्षे घोळत राहिला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यात प्रवाह सुरू केला त्या क्षणी दुसऱ्याजवळची सूची हलली व पुन्हा जागी आली. प्रवाह बंद केला तेव्हा ती पुन्हा हलली. प्रवाह संथपणे चालू असता मात्र काहीच होईना. १७ ऑक्टोबरला त्यांनी पोकळ वेटोळ्यात लोहचुंबक झटकन आत घातला व बाहेर काढला, तेव्हाही तसेच झाले. रहस्य उलगडले ते असे: चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलत असले पाहिजे. २८ ऑक्टोबरला त्यांनी एका बलवान चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड प्रवाह मिळविला. आजची प्रचंड जनित्रे ह्या तत्त्वावरच चालतात, आणि त्या कड्याचेच सुधारलेले रूप म्हणजे आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरील ट्रान्सफॉर्मर.

ह्या सुमारास कारखानदार व कंपन्या त्यांच्याकडे सल्ल्यासाठी येत, आणि त्या मार्गाने वर्षाला हजार पौंडांच्या आसपास प्राप्ती होऊ शकत होती. मनात आणते तर फॅरडे श्रीमंत झाले असते. परंतु शोध व संपत्ती ह्या दोहोंस पुरेल एवढा वेळ एका माणसाजवळ नसतो हे ओळखून त्यांनी ते खासगी काम जवळजवळ सोडून दिले. सार्वजनिक काम मात्र त्यांनी कधी टाळले नाही. वुलिच येथील लष्करी विद्यालयात तोफखान्याच्या व इंजिनिअर दलाच्या उमेदवारांस ते सुमारे वीस वर्षे रसायनशास्त्र शिकवीत होते, आणि १८३६ पासून दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस ह्या संस्थेचे ते वैज्ञानिक सल्लागार होते.

अशाच एका सार्वजनिक कामातील प्रसंग आम्हास विशेष बोलका वाटतो. २८ सप्टेंबर १८४४ रोजी डरहॅम परगण्यातील हॅसवेल येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे व मुलगे मृत्युमुखी पडले. सरकारने चौकशीसाठी फॅरडे व भूगर्भशास्त्रज्ञ लायेल ह्यांस पाठविले. फॅरडे खाणीत उतरले, तेव्हा हवेचा वेग कसा मोजतात असे त्यांनी विचारले. देखरेख करणाऱ्या माणसाने चिमूटभर बंदुकीची दारू उघड्या मेणबत्तीच्या ज्योतीवर टाकली आणि तिचा धूर अमुक अंतर किती वेळात जातो ते दाखविले. बाकीची दारू कोठे ठेवता, असे विचारता ती एका पिशवीत असते असे उत्तर आले. मग ती पिशवी कोठे आहे, अशी पृच्छा केल्यावर समजले की, पाहुण्यास मऊ बैठक असावी म्हणून फॅरडेंस ज्या गोष्टीवर बसविले होते तीच ती पिशवी. फॅरडे किती दचकले असतील ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

आम्ही ही गोष्ट हसण्यासाठी सांगितली नाही. तो माणूस आळशी नव्हता की दुष्ट नव्हता. आपले काम त्यास वर्षानुवर्षांच्या सवयीने येत होते, पण आपण काय हाताळीत आहो ह्याचे ज्ञान त्यास कोणी दिले नव्हते. नुसत्या सवयीचा कारागीर व शिकलेला कारागीर ह्यांतील अंतर ते हेच. फॅरडे व लायेल ह्यांनी आपल्या अहवालात खाणीच्या पोकळ भागात साचणाऱ्या वायूचा विचार तर केलाच, पण कोळशाची बारीक धूळही पेट घेऊन आग पसरविते हे त्यांनी नमूद केले. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे लोकांचे पुरेसे लक्ष जावयास पुढे कित्येक वर्षे लागली आणि तोपर्यंत आणखी पुष्कळ जीव गेले.

दिव्यांच्या बाबतीतही त्यांची दृष्टी अशीच होती. दीपगृहांतील तेलाच्या दिव्यांतून पाण्याची वाफ निघून ती काचांवर आतून जमे व प्रकाश अडे. फॅरडेंनी जळालेली हवा बाहेर नेणारे धुराडे योजून हा दोष दूर केला. लंडनच्या अथेनियम क्लबात गॅसचे दिवे लागल्यापासून चामड्याच्या खुर्च्या व पुस्तकांच्या बांधण्या कुजू लागल्या होत्या. गॅसमधील गंधकापासून होणारे आम्ल चामडे खाते, हे कारण फॅरडेंनी सांगितले. एकेकाळी ज्यांनी आपल्या हातांनी चामडे चढविले, त्यांच्याच हाती हे काम यावे हा योगायोग मोठा गोड आहे. तेथेही जळलेला वायू खोलीत न सोडता नळीवाटे बाहेर काढण्याची युक्ती त्यांनी बसविली, आणि तिचे पेटंट रॉबर्टच्या नावे करून दिले. व्याख्यानाचे शिलिंग देणाऱ्या भावाचे ऋण त्यांनी असे फेडले. दुर्दैवाने १८४६ साली रॉबर्ट अपघातात वारला.

८ डिसेंबर १८५८ रोजी साउथ फोरलंड येथील दीपगृहात प्रथमच विजेचा दिवा प्रकाशला. त्याची वीज होम्स ह्यांच्या यंत्रातून येत होती, व ते यंत्र फॅरडेंच्या १८३१ सालच्या तत्त्वावर चालत होते. आपल्या तारुण्यातील शोध समुद्रावर प्रकाश टाकताना त्यांनी म्हातारपणी डोळ्यांनी पाहिला. पाहिला म्हणजे कसा? फेब्रुवारी १८६० मध्ये ते तपासणीस निघाले तेव्हा वाटा बर्फाने बंद झाल्या होत्या. एकदा परतावे लागले. पुन्हा गेले, आणि कुंपणे, भिंती व शेते ओलांडीत अडुसष्ट वर्षांचा हा म्हातारा दीपगृहापर्यंत पोचला. येथे एक नवाच प्रश्न उभा राहिला. तेलाची वात कातरणारा रखवालदार बाफेचे इंजिन, विजेचे यंत्र व कार्बनच्या कांड्यांमधील ज्योत कसा सांभाळणार? यंत्र नवे आले म्हणजे त्याच्याबरोबर माणूसही नव्याने तयार करावा लागतो.

ही तयारी नसली तर काय होते, ह्याचे उदाहरण त्याच वर्षी जगाने पाहिले. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळातून तारायंत्राची पहिली तार पूर्ण झाली. तिच्या विद्युत्-विभागाचे प्रमुख व्हाइटहाउस हे मूळचे शस्त्रवैद्य. हौशीने ते विद्युत्-शास्त्राकडे वळले होते. समुद्रातील लांब तारेत संदेश मंदावतो, ह्याची कारणमीमांसा फॅरडेंनी १८५४ सालीच केली होती, व तिचे गणित विल्यम टॉम्सन ह्यांनी मांडले होते. व्हाइटहाउसनी ते न जुमानता अतिशय मोठा विद्युत्-दाब वापरला, आणि आधीच सदोष असलेली तार काही आठवड्यांत निकामी झाली. लक्षावधी रुपयांचे नुकसान झाल्यावर चौकशी-समिती बसली, विजेची मोजमापे ठरविण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि विद्युत्-काम करणाऱ्याने मोजून, हिशेबाने काम केले पाहिजे हे सर्वांस पटले. पुढे विद्युत्-धारकतेच्या मापास फॅरडेंच्या नावावरून फॅरड हे नाव देण्यात आले.

फॅरडे हे शिक्षक म्हणूनही थोर होते. १८२५ च्या सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली, त्यांपैकी एकोणीस माला त्यांनी गुंफल्या. मेणबत्तीवरील त्यांची मालिका सर्वांत प्रसिद्ध आहे. ज्योतीच्या मधल्या काळ्या भागात काचेची नळी धरून ते आतला वायू बाहेर काढीत व नळीच्या दुसऱ्या टोकाशी पेटवून दाखवीत. मेणबत्ती ही एक चिमुकली गॅसची भट्टीच आहे, हे मुलांस डोळ्यांनी दिसे. १८६२ साली इंग्लंडातील मोठ्या शाळांची चौकशी करणाऱ्या मंडळापुढे त्यांनी साक्ष दिली. उत्तम भाषाशिक्षण घेतलेली माणसेही सृष्टीच्या साध्या नियमांविषयी अजाण असतात, आणि आपण अजाण आहो हेही त्यांस ठाऊक नसते, अशी खंत त्यांनी तेथे व्यक्त केली.

परंतु त्यांची एक उणीवही सांगितली पाहिजे. उच्च गणित त्यांस कधीच आले नाही. चुंबकाभोवतीच्या बलरेषांची त्यांची कल्पना अनेक विद्वानांस बराच काळ कविकल्पना वाटली. केंब्रिजमध्ये शिकलेल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनी तिला गणिताचे रूप दिले तेव्हाच तिचे खरे सामर्थ्य जगास कळले. ज्यास शाळेत शिकण्याची संधी मिळाली नाही त्याने काय मिळविले, हे फॅरडे दाखवितात. ती संधी मिळाल्याने काय साधते, हे मॅक्सवेल दाखवितात. एकाचे काम दुसऱ्यावाचून पुरे होत नव्हते.

फॅरडेंची राहणी अखेरपर्यंत साधी होती. १८२१ साली सेरा बर्नार्ड हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांस मूल नव्हते, पण संसार सुखाचा झाला. सँडेमनियन नावाच्या एका लहान ख्रिस्ती पंथाचे ते श्रद्धाळू अनुयायी होते, आणि पंथातील गरिबांच्या व आजाऱ्यांच्या घरी स्वतः जात. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले असता त्यांनी ते नम्रपणे नाकारले. १८४० च्या सुमारास अतिश्रमाने त्यांची स्मरणशक्ती दुबळी झाली, आणि उत्तरायुष्यात तो क्षीणपणा वाढत गेला. २० जून १८६२ रोजी त्यांनी आपले शेवटचे शुक्रवारचे व्याख्यान दिले. विषय होता सीमेन्स ह्यांची गॅसवर चालणारी नवी भट्टी. विजेच्या ह्या आचार्याने अखेरचा निरोप गॅसवर बोलून घेतला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी, खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांचे प्राणोत्क्रमण झाले.

त्यांच्या हयातीतच, १८६३ साली, इंग्लंडातील गॅसच्या व्यवस्थापकांनी आपली संस्था स्थापन केली. १८७१ साली तारायंत्राच्या इंजिनिअरांची संस्था निघाली, तीच पुढे विद्युत्-इंजिनिअरांची संस्था झाली. १८७८ साली लंडनच्या जुन्या व्यवसायसंघांनी व नगरपालिकेने मिळून सिटी अँड गिल्ड्स ही संस्था काढली व कारागिरांसाठी धंदेशिक्षणाच्या परीक्षा चालविल्या. आमच्या मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था स्थापन झाली, ती आज वीरमाता जिजाबाई ह्यांच्या नावाने चालते. १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांतील पाणी खोपोलीस उतरवून टाटांनी जी वीज मुंबईस पोचविली, तीही १८३१ सालच्या त्या तत्त्वानेच उत्पन्न झाली. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत विजेच्या कारागिराचा दोन वर्षांचा शिक्षणक्रम आहे, आणि १९६१ च्या कायद्याने कारखान्यांतील उमेदवारीसही नियम घालून दिले आहेत. रीबोच्या दुकानातील करारपत्राचा हा वंशविस्तारच म्हणावयाचा.

तेव्हा आमच्या विद्यार्थिमित्रांनी ह्या चरित्रापासून काय घ्यावे? हाताचे काम हलके नाही, हे तर उघडच आहे. फॅरडेंचे हात तयार नसते तर ते कडे कधी गुंडाळलेच गेले नसते. परंतु प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हॅसवेलच्या त्या पिशवीची आठवण ठेवावी. गॅसचा सांधा सैल राहिला किंवा विजेची तार चुकीची जोडली गेली, तर किंमत बहुधा कारागीर देत नाही. त्या घरात रात्री निजलेली माणसे देतात. त्यांस कारागिराची परीक्षा घेता येत नाही. ती आमच्या वतीने कोणीतरी आधी घेतली आहे, एवढाच भरवसा तो परवान्याचा कागद देतो. मात्र त्या कागदामागे खरोखरीची उमेदवारी नसेल, तर तो कागद त्या पिशवीहूनही अधिक धोक्याचा होय, कारण पिशवीवर तरी आपण नकळत बसतो, आणि कागदावर विश्वासून बसतो.

आमच्यापैकी जे तंत्रशाळेत जाणार असतील त्यांनी मान ताठ ठेवून जावे, आणि तेथे प्रत्येक गोष्ट मायकेलने केली तशी करावी: वाचलेले पडताळून पाहावे, पाहिलेले लिहून ठेवावे, न समजलेले विचारावे, आणि आपल्या कामाचे टिपण असे नेटके बांधावे की ते कोणापुढेही ठेवण्यास संकोच वाटू नये. इतके केल्यावर हाती येणारे प्रमाणपत्र खरे असेल. त्याने कोणी फॅरडे होईलच असे नाही; पण ज्या घरात तो तार जोडील, ते घर निर्धास्त झोपेल, आणि आमच्या शाळेस तेवढा अभिमान पुरेसा आहे.